कोयझोप

साक्याचा आंबा शेवटचा कधी कापला, हे रत्नागिरीत आता कुणाला सांगता आलं नसतं. वरून सोन्यासारखा दिसणारा हापूस पाहुण्यांसमोर कापावा, आत कोयीभोवती पांढरा, आंबट, स्पंजासारखा गोळा निघावा आणि घरधनिणीचं तोंड एवढंसं व्हावं, हे दुःखच नाहीसं झालं होतं. आंबा दिवाळीलाही मिळायचा आणि फराळाच्या ताटात करंजीशेजारी निमूट बसायचा.

ही करामत डॉ. शर्वरी कोळवणकर यांची. त्यांचं म्हणणं साधं होतं. साका हा रोग नव्हेच, ती कोयीची घाई. पुष्कळ झाडांच्या बिया तयार झाल्या की झोपी जातात आणि योग्य वेळ येईपर्यंत वर्षानुवर्षं पडून राहतात. आंब्याच्या कोयीला झोप ठाऊकच नाही. महिन्याभरात माती मिळाली नाही तर ती मरते. त्यामुळे वैशाखात तापलेल्या जमिनीची धग लागली की काही कोयी झाडावरच जाग्या होतात, फळाच्या पोटात रुजायला लागतात आणि भोवतालच्या गराचा जीव ओढून घेतात. उरतो तो साका. शर्वरीबाईंनी 'निद्राक' नावाचं द्रव्य शोधलं. मोहोरावर फवारलं की पुढे धरणाऱ्या फळातली कोय गाढ झोपायची आणि फळ महिनोन्महिने टिकायचं.

जे कोयीला जमलं, ते माणसाला का जमू नये? ज्या आजाराला आज औषध नाही, त्याच्या रोग्याने औषध निघेपर्यंत शर्वरीबाईंच्या निद्रालयात निद्राक घेऊन झोपावं. आजार जागच्या जागी थांबतो, वयही थांबतं. सरकारी कागदांवर याला 'दीर्घनिद्रा' म्हणत. पण कोकणी माणूस नाव ठेवल्याशिवाय राहतो होय? सगळे म्हणायचे, कोयझोप.

सायली घवाळीचा नवरा मकरंद नऊ वर्षं कोयझोपेत होता. त्याचे स्नायू एकेक करून विरघळत चालले होते. झोपायला जाताना म्हणाला होता, "अढीत घातलंस असं समज. पिकलो की काढ." सायली त्याच्यासमोर हसली आणि घरी येऊन चार दिवस जेवली नाही. मूलबाळ नव्हतं. होती ती कलमांची रोपवाटिका. फवारणी न झालेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी रुजवायच्या आणि त्यांच्या कोवळ्या कोंबावर हापूसची काडी बांधायची. तिने बांधलेलं कलम सहसा मरत नसे. त्या कामात तिने नऊ वर्षं काढली, आणि प्रत्येक रविवारी निद्रालयात जाऊन मकरंदच्या उशाशी बसली. तो तेवढाच राहिला, एकोणपन्नासचा. ती अठ्ठावन्नची झाली.

आणि औषध निघालं.

बातमी सांगायला शर्वरीबाई स्वतः रोपवाटिकेत आल्या. सोबत एक डबा होता आणि डब्यात सात कोयी.

"काकी, ह्या मकरंदरावांबरोबरच्या. त्याच वर्षी झोपवलेल्या. आधी ह्या जाग्या करून बघूया. जाग आणणारं द्रव्य मी देते, हात तुमचा. तुमच्या हाताला यश आहे."

सायलीने टरफलं अलगद सोलली, आतल्या बिया त्या द्रव्यात भिजवल्या आणि ओल्या वाळूत मांडल्या. नवव्या दिवशी सातही कोंब वर आले. तांब्याच्या रंगाची पानं सुटली. तिला इतका आनंद झाला की तिने शेजारपाजारी घावणे वाटले.

पंधराव्या दिवशी शेंड्यांना मोहोर आला.

वीतभर रोपांना मोहोर! कोयीपासून वाढलेल्या झाडाला मोहोर यायला सहा-सात वर्षं लागतात. एका रोपाला तर वाटाण्याएवढी कैरीही धरली. त्यानंतर आठवड्याच्या आत सातही रोपं वाळून गेली. कीड नाही, बुरशी नाही. पिकलं पान गळावं तशी, काही तक्रार न करता गेली.

शर्वरीबाई वाफ्याशी उकिडव्या बसल्या आणि एक वाळकं रोप उपटून निरखू लागल्या.

"ती पोरं नव्हती गो," सायली म्हणाली. "म्हातारी झाडं होती."

"हो. मला संशय होता. झोपलेल्या कोयीच्या आत मंद हालचाल दिसायची. मी तिला 'स्वप्नवाढ' म्हणते. म्हणजे बाहेर काहीच घडत नाही, पण आत कोय आपलं अख्खं आयुष्य जगून घेते. रुजणं, वाढणं, मोहोर, फळ. सगळे बहर तिथेच होऊन जातात. आपण जागं केलं तेव्हा हिशेबाने त्यांचं सगळं उरकलं होतं."

सायलीने हात पदराला पुसले. "आणि मकरंद?"

"त्यांच्या मेंदूच्या आलेखात तसंच दिसतंय. आपली नऊ वर्षं तिथे किती होतात, मला सांगता येत नाही. कदाचित वीस, कदाचित चाळीस. जागं केलं तर किती आयुष्य उरलं असेल, तेही माहीत नाही. नाही केलं तर ते स्वप्न पुरं करतील आणि झोपेतच जातील. काकी, हा निर्णय मी घेऊ शकत नाही."

"सुखात हाय का तो तिकडे?"

"चेहऱ्यावरून तरी वाटतं."

"कुणासंगती हाय?"

"ते यंत्र सांगत नाही."

"माझ्यासंगतीच असणार," सायली म्हणाली. "दुसरी कोण पदरात घेईल त्या घोरणाऱ्याला?" तिला हसू आलं आणि हसता हसता ती वाफ्याच्या कडेवर बसली. सुखात आहे तर राहू दे त्याला, असं एक मन सांगत होतं. पण नऊ वर्षं वाट पाहिलेलं दुसरं मन ऐकायला तयार नव्हतं, आणि तेच जिंकलं.

पुढच्या सोमवारी सकाळी ती गुलबक्षी साडी नेसून गेली. केस रंगवावेत असं मनात आलं होतं, पण मग ओळखणार नाही म्हणून राहू दिले. औषध देऊन झालं, जाग आणणारं द्रव्यही दिलं. दहाच्या सुमारास मकरंदने डोळे उघडले. तो तिच्याकडे पाहत राहिला. घाबरला नाही, आनंदलाही नाही.

"परत कशाला आलीस गो?" तो म्हणाला. आवाज नऊ वर्षांपूर्वीचाच होता आणि बोलणं म्हाताऱ्याचं. "मी तुझं सगळं नीट केलं. तेराव्याला गाव जेवला. काय राहिलं होतं का?"

शर्वरीबाई मागे सरकल्या.

"सानूला कळवलंस?" त्याने विचारलं.

"कोण सानू?"

त्याने तिच्याकडे अशा कणवेने पाहिलं, की तिला नजर वर ठेवता येईना. "आपली पोरगी गो. मेल्यावर एवढं विसरायला होतं?"

बाजूच्या पडद्यावर त्याच्या नाडीची रेघ हळूहळू मंदावत होती. औषध लागू पडलं होतं, उरलेले स्नायू शाबूत होते, आजार उरला नव्हता. जगायचंच काही उरलं नव्हतं. शर्वरीबाईंनी नकारार्थी मान हलवली. सायलीला ते समजलं. अठ्ठावन्न वर्षांत आपल्याला न मिळालेलं सगळं सुख आपण कुठेतरी भोगून आलो, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही, या विचाराने तिला रडू फुटलं. त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा हात घट्ट धरला.

"सांग ना," ती म्हणाली. "झाली तेव्हा कशी होती रे? कुणावर गेली होती?"

"तुझ्यावर," तो म्हणाला आणि जरासा हसला. "पहिल्या दिवसापास्नं भांडखोर."

"मग? मग काय झालं?"

तो सांगू लागला. जरा कुठे थांबला, की ती लगेच पुढचं विचारायची.