श्रीकृष्णकाकाची समुद्रसफर

विक्की, बंद कर बे तो मोबाईल. घंट्याभरापासून तेच. पांढरी बोट, निळं पाणी अन् वर नाचणारे अर्धे उघडे लोकं. भाड्यानं भेटते म्हणे! भेटते ना बाप्पा, मले नोको सांगू. याट म्हणतात तिले. तीन मजले, आठ नोकर अन् वरच्या माळ्यावर गरम पाण्याचं टाकं, भर मे महिन्यात. आपल्या धम्मरत्ननं ठरवली होती एक. तवापासून मासोळीचा वास आला का तो ओकते. रुपाली, दार लोटून घे. सांगतो. पण मधात कोणी हूं म्हणायचं नाही.

धम्मरत्नचं दारव्ह्याले ट्रॅव्हल्सचं दुकान आहे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण दोस्त. भूतखेत, उतारे, अंगात येणं, असल्या गोष्टीले त्याच्या घरात आज्यापासून थारा नाही. आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवा देव्हाऱ्यासंगं तेही गेलं. म्हणून त्याचं मी ऐकलं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हाकलून देल्ला असता.

त्याच्या दुकानात एक श्रीकृष्णकाका येत. तहसीलीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. दर उन्हाळ्यात येत अन् विचारत, "धम्मा, समुद्राचं काय?" सहलीचे कागद घरी नेत, चष्मा लावून वाचत अन् चार दिवसांनी घडी न मोडता वापस आणून ठेवत. कधी पोराचं शिक्षण आडवं आलं, कधी बायकोचं आपरेशन, मंग सोताचेच गुडघे. शहात्तर वर्षांचा माणूस झाला, पण समुद्र पाह्यला नाही तो नाहीच. चोवीस सालच्या चैत्रात गेले. जाताना बायकोले, कुंदाकाकूले, एवढंच म्हणाले, "तो समुद्र राह्यला."

काकूनं अर्ध्या अस्थी अडाण नदीत सोडल्या अन् अर्ध्या समुद्रासाठी राखल्या. लाल फडक्यानं तोंड बांधलेलं लहानसं मडकं, अंगणातल्या कडुलिंबाले टांगून ठेवलं. घरात नेत नाहीत ना.

आता पोरगा पाहा. सलील. पुण्याले मोठा कंपनीवाला. त्याच्या लग्नाले पंधरा वर्षं झाली, तर म्हणे मुंबईहून याट करायची, तीन दिवस, कोकणाच्या कडेकडेनं जायचं अन् वापस. बारा पाहुणे. ठरवायचं अन् संगं राहायचं काम दिलं धम्मरत्नले. फोन ठेवता ठेवता म्हणतो, "अरे हो, बाबांचंही त्यातच उरकून टाकू. एका दगडात दोन पक्षी."

बापाले पक्षी म्हणते! थू!

काकू काही जाणार नव्हती. वर्ष फिटल्याबिगर घर सोडायचं नाही, असं तिचं. तिनं धम्मरत्नले घरी बोलावलं अन् मडकं त्याच्या हातात देल्लं.

"बेटा, सलील पुण्याहून परस्पर जातो आहे, तू इथून गाडीनं. तूच ने. पण आमच्यात एक रीत आहे. हे सामान नाही, माणूस चालला आहे. गाडीत बसवताना म्हणायचं, 'चला काका.' पूल आला की सांगायचं, पूल आला. बोटीत चढताना पुन्हा 'चला काका.' समुद्र दाखवायचा. मग पाण्यात सोडायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, 'आता इथं सुखानं राहा.' त्यानंतर एक शब्द नाही. मागं पाहायचं नाही. आणि 'चला' तर चुकूनसुद्धा म्हणायचं नाही."

"काहून काकू?"

"अरे, चला म्हटल्याशिवाय ते कधी जेवायलासुद्धा उठले नाहीत. आणि म्हटलं की लगेच निघायचे." काकू थोडीशी हसली. "धम्मा, तुझा विश्वास नाही, माहीत आहे मला. पण एवढं करशील?"

त्यानं शब्द देल्ला. काकाले समुद्र दाखवीन म्हणून.

पह्यल्यांदा 'चला काका' म्हणताना त्याले लाज वाटली. इकडं तिकडं पाह्यलं, कोणी ऐकून तर नाही राह्यलं. मडकं मागच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला. कारंजापर्यंत चूप होता. समृद्धी महामार्गाले लागला अन् मंग तोंड सुटलं. काका, पूल आला. काका, टोलनाका आला. काका, चहा घेतो हो मी, बसा तुम्ही. सहाशे किलोमीटर! इगतपुरी येईपर्यंत जिभेले वळणच पडलं होतं.

बोटीवर चढला तो मडकं घेऊनच. "चला काका, आली बोट." अगदी नाकाडावर, जिथून चहूकडं पाणी दिसते, तिथं एका गादीवर ठेवलं. वर एक फूल. अर्धा घंटाही नसेल झाला. सलीलची बायको केतकी आली अन् नाकाले रुमाल लावला.

"शी! इथे लोक जेवणार आहेत. प्लीज, हे कुठेतरी आत ठेवायला सांगा ना."

नोकरानं उचललं अन् नेलं.

दिवसभर खाणं. कालवं, खेकडे, शेवंडी. तोडायच्या, अर्ध्या चोखायच्या अन् फेकायच्या. दारूत न्हाले म्हणा ना ते. वरच्या टाक्यात बसून जेवत, त्यातच उष्टे हात बुडवत. रात्री एकजण त्यातच ओकला अन् बाकीचे टाळ्या वाजवून राह्यले. धम्मरत्न सांगते, मले त्या पांढऱ्या बोटीवर एक जागा सापडली नाही जिथं हात ठेवावा वाटला. सलीलले विचारलं, काकाचं कधी? "उद्या रे." दुसऱ्या दिवशी विचारलं, "संध्याकाळी, सनसेटला." सनसेटले साहेब घोरून राह्यले होते.

त्याच दिवशी धम्मरत्न खाली संडासले गेला. नोकरांचा संडास. खिडकी नाही, झरोका नाही. हात धुवायच्या बेसिनखाली फिनेलचा डबा, घासायचा ब्रश... अन् त्या दोघांच्या मधात लाल फडकं.

पोट्टेहो, आता मी माझ्या दोस्ताले झाकत नाही. त्यानं काय करायले पाह्यजे होतं? उचलायचं अन् वर न्यायचं. कोणाच्या बापाले भ्यायचं? पण मोठं गिऱ्हाईक, पुढच्या साली पन्नास लोकं घेऊन येतो म्हणे. यानं फक्त ब्रश बाजूले सरकवला. म्हणाला, "काका, थोडं थांबा." अन् दार लावून घेतलं. शेण खाल्लं लेकानं. तो सोताच म्हणते, शेण खाल्लं मी.

तीन दिवस समुद्रावर होता तो माणूस. अन् समुद्र नाही पाह्यला.

सोळा मे, गुरुवार. दहाच्या सुमाराले बोट बंदराले लागली. कोणतं बंदर ते नाही सांगत. पाहुणे उतरून राह्यले होते, तवा सलीलले आठवलं. मडकं मागवलं. पायात बूट, एका हातात गिलास. धक्क्याजवळचं पाणी कसं असते माहीत आहे? काळं. वर डिझेलचा तवंग, सडक्या मासोळ्या, उष्ट्या प्लेटी, पोरांचे हगीज. त्यात. तिथंच. दातानं गाठ सोडली, मडकं उपडं केलं, दोनदा बुडाले थापट्या मारल्या. मसाल्याचा डबा झाडतात तशा. मंग मडकंही फेकलं. हाडाचे दोन तुकडे एका प्लेटीवर पडले अन् तरंगत राह्यले, म्हणते.

मंग आईले व्हिडिओ कॉल. "झालं आई. खोल समुद्रात सोडलं. विचार धम्माला." अन् मोबाईल याच्या तोंडापुढं.

कुंदाकाकूनं विचारलं, "पाहिला का रे त्यांनी?"

"हो काकू," धम्मरत्न म्हणाला. "निळा होता."

आता रीतीप्रमाणं म्हणायचं होतं, इथं सुखानं राहा. त्या घाणीकडं पाहून कोणत्या तोंडानं म्हणावं? म्हणलंच नाही त्यानं. हात जोडले तेही अर्धे. तसाच वळला, गाडीत बसला, पट्टा ओढला. डोकं सुन्न. चावी फिरवली अन् जीभ सवयीनं बोलून गेली.

"चला काका."

बोलला अन् गार पडला. मंग सोतालेच हसला. येडा आहेस का बे?

इगतपुरीच्या पुढं वास आला. डिझेल अन् सडकी मासोळी. काचा खाली केल्या तरी तोच. थांबून डिक्की पाह्यली, सीटखाली पाह्यलं. काही नाही. मागची सीट तेवढी ओली होती. हात लावला तर चिकट. रुमालानं पुसली. पन्नास किलोमीटरवर पुन्हा ओली. दुपारचं जेवला नाही.

कारंजाले पेट्रोल पंपावर लागला तवा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. अमावस्या नाही, पुनव नाही. चांगला उजेड, ट्रकांची लाईन. पंपावरच्या पोरीनं नळी लावली अन् मागच्या काचेतून आत पाह्यलं.

"भौ, त्या बाबाले उतरवा ना खाली. कवाचे ओकून राह्यले ते."

"कोण बाबा?"

पोरीनं बोट दाखवलं. मंग तिचा हात हळूच खाली आला. नळी काढली. पैसे घ्यायलेही आली नाही.

तिथून दारव्हा घंट्याभराचा रस्ता. धम्मरत्ननं आतला आरसा छताकडं फिरवला. गाणे लावले. बंद केले. मागून आवाज येत होता. घशातून पाणी यावं तसा. उचकी... मंग भळभळ. मंग चूप. मंग पुन्हा.

मागं पाहायचं नाही. काकूनं सांगितलं होतं. मागं पाहायचं नाही.

रस्ता सामसूम. एकही गाडी नाही. पुढं एक पूल. धम्मरत्नचं तोंड गच्च मिटलेलं. काही बोलायचं नाही. पुलाचा कठडा दिसला...

अन् मागून, पाण्यानं भरल्या तोंडानं...

"पूल... आला."

गाडी कशी आणली, त्याले नाही सांगता येत. नऊ वाजून वीस मिनिटांनी काकूच्या फाटकापुढं उभी केली अन् धावतच आत गेला. काकू दारातच होती. तिनं त्याच्याकडं पाह्यलं. मंग त्याच्या खांद्यावरून मागं, गाडीकडं. नाकपुड्या हलल्या तिच्या.

"धम्मा... निघताना काय म्हणालास?"

तो पायरीवरच बसला.

"धम्मा."

मंग त्यानं सारं ओकलं. फिनेलचा डबा, ब्रश, बेसिन. काळं पाणी. थापट्या. अन् मी खोटं बोललो काकू, निळा नव्हता, काकानं काही पाह्यलं नाही. पायरीवर बसून लेकरासारखा रडला. काकू उभीच. तिच्या तोंडावर राग नव्हता म्हणते. किळस होती. पोटच्या पोराची किळस, पोट्टेहो. ती देव कोणाले न दाखवो.

फाटकाजवळ गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला.

काकूनं डोईवरचा पदर नीट केला. पायरी उतरली. धम्मरत्न मागं वळणार, तर तिनं त्याचं डोकं हातानं तसंच धरलं. अंधाराकडं पाहून बोलली, जशी रोज बोलत असंल.

"अहो... या. आधी मागं जाऊन पाय धुवा. किती घाण लागली आहे."

ओली पावलं. फरशीवर. चप... चप... धम्मरत्नच्या अगदी जवळून गेली, डिझेलचा भपकारा आला. घराच्या बाजूनं मागं. तिथं काकूच्या घरचा आड आहे, उन्हाळ्यात घोटाभर पाणी राहते त्यात. रहाटाचा आवाज आला. एकदा, दोनदा...

मंग धप्प.

मंग काही नाही.

पाहाटेपर्यंत दोघं ओसरीवर बसून होते. काकूनं रात्रीच सलीलले फोन केला. एवढंच म्हणाली, "माझी राख तू नेऊ नकोस. धम्माला सांगितलं आहे." अन् ठेवून देल्ला. आजलोग त्याले घराची पायरी चढू नाही देल्ली तिनं.

उजाडल्यावर आडाजवळ गेले. घोटाभर पाणी होतं तिथं, ते काठापासून हातभर खाली. धम्मरत्ननं बादली ओढली, बोट बुडवून जिभेले लावलं अन् थुंकला. खारं. बारा वाजेपर्यंत तेच पाणी पार तळाले गेलं. संध्याकाळी पुन्हा वर. तवापासून रोज असंच आहे, दोनदा चढते, दोनदा उतरते. पाणी तपासणारे दोघं येऊन गेले. बाटली भरून नेली अन् मंग फोनच उचलत नाहीत.

मागच्या महिन्यात मीही गेलतो. कुंदाकाकू आडाजवळ खुर्ची टाकून बसली होती, तांदूळ निवडत. धम्मरत्ननं त्या बंदराच्या भरतीची वेळ मोबाईलवर काढून ठेवली होती. दुपारी दोन वाजून अठरा मिनिटं. आम्ही तिघं बसून पाहून राह्यलो. पाणी चढत चढत वरच्या कड्याले लागलं, थांबलं, अन् उतरायले लागलं. मी मनगटावरच्या घड्याळात पाह्यलं. दोन अठरा.