न मरणाऱ्या पेशी

“माझी मेघना ह्याच रोगावर संशोधन करते!” आबांनी शेजारच्या शांताबाईंना पुन्हा एकदा ऐकवलं, आणि आत स्वयंपाकघरात स्वप्नाच्या हातातली पळी भांड्यावर आदळली... मेघना, मेघना, मेघना! आई गेली तेव्हा कॉलेज सोडून ह्या धाकटीच्या वेण्या कुणी घातल्या? आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून आबांच्या पोटावरची शौचाची पिशवी रोज कोण बदलतं? स्वप्नाचं नाव काढायला मात्र कुणाची जीभ रेटत नव्हती! आणि कळव्याहून रविवारी कोपरला ह्या घरी पाहुणीसारखी उगवणारी मेघना म्हणे घराची शान!

शांताबाई गेल्यावर आबांनी हळूच मेघनाला विचारलं, “बाळा, एवढी केमो घेतली, तरी गाठ वाढली कशी गं?”

मेघना त्यांच्या उशाशी बसली. “आबा, औषध पेशीला जखम करतं. नेहमीची पेशी बिघडली की शेजारच्यांना त्रास नको म्हणून आपणहून मरते. तुमच्या गाठीतल्या काही पेशींनी मरण अडवणारी प्रथिनं नको तितकी साठवलीत. मरायचा निरोप येतो, पण त्या ऐकतच नाहीत. म्हणून तर डॉक्टर औषध बदलतायत.”

“म्हणजे गुणाची तीच, जी गुपचूप मरते!” स्वप्ना दारातून कडाडली. “मीपण तशीच मेले ना गं ह्या घरासाठी? आणि कौतुक कुणाचं? तुझं!”

“ताई...!”

तेवढ्यात आबा कण्हले. पिशवीची कड सुटून लुंगी भिजत होती. मेघना पुढे धावली, पण आबांनी चादर गच्च धरून तोंड फिरवलं. “तू नको... स्वप्ना, तू ये.”

स्वप्नाच्या काळजाला काय गारवा मिळाला म्हणून सांगू! बहिणीला नकार, आणि तिला हाक!

पण मेघना भिंतीला टेकून हुंदके देत होती. “ताई, लॅबमध्ये दिवसभर ह्याच पेशी बघते गं मी... आणि माझ्याच बापाला मला हात लावता येत नाही! परक्यासारखं लपवतात माझ्यापासून. तुझा किती हेवा वाटतो, तुला नाही कळायचं!”

हेवा? हिला? आपला? ह्या घरात स्वप्नाचं म्हणून एकच काही होतं, आबा फक्त तिच्यापुढे लाजत नव्हते... तेवढंही देऊन टाकायचं? मन नको नको म्हणत होतं. तरी तिने त्यांच्या मुठीतून चादर सोडवली.

“आबा, तीपण लेकच आहे तुमची. ये गं, कोमट पाणी घे. घासू नकोस, टिपून घे. कातडी कोरडी झाल्याशिवाय नवी पिशवी चिकटत नाही.”

मेघनाचा हात हळूहळू सफाईने चालू लागला, तसं स्वप्नाला पुन्हा सलू लागलं. मेला हेवा असा एका झटक्यात थोडाच जातो!

“स्वप्ना...” आबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. “तुझं नाव घेतलं असतं, तर तू काय करतेस ते सांगावं लागलं असतं लोकांना. ह्या पिशवीची लाज वाटायची गं मला... म्हणून नुसती हिचीच फुशारकी मारत राहिलो. चुकलो, पोरी!”

स्वप्नाला रडू आवरेना. पदराने डोळे पुसत ती खाली वाकली, आणि मेघनाचा हात हातात धरून कड कशी दाबायची ते तिला दाखवू लागली.