पाटावर ओळखते, दारावर का नाही?

"कोण चढलं, ते मला कळलं नाही," पाखरू पुन्हा म्हणालं.

पाखरू म्हणजे उंबरवाडीच्या शाळेची नवी, चालकाशिवाय धावणारी गाडी. दारावरच्या डबीला मनगटपट्टीतलं कार्ड टेकवलं, की कोण चढलं, कोण उतरलं हे तिला कळायला हवं होतं. चार वर्षांचा निमिष कार्ड आपटतच राहिला. शेवटी आईने त्याला उचलून खाली घेतलं.

"हा आत झोपून राहिला तरी हिला कळायचं नाही. मी नाही पाठवणार."

निमिषचा ओठ बाहेर आला. त्याची ताई केतकी मात्र डबीकडे बघत होती. "पण आई, सकाळी हीच डबी कार्ड ओळखत होती!"

खरंच होतं ते. आज खंडेनवमी. डबी बनवणाऱ्या मृणालआत्याने ती दारावर बसवण्याआधी पाटावर ठेवून तिची पूजा केली होती. तेव्हा कार्ड टेकवताच डबी टुणकन वाजली होती.

"कुंकू पुसलं म्हणून रुसली ती," निमिष म्हणाला.

"तपासूया की!" आत्याने डबी काढून नुसत्या पाटावर ठेवली. टुण! म्हणजे कुंकवाचा संबंध नव्हता.

"पाट लाकडी आहे आणि दार लोखंडी!" केतकीने पळत जाऊन पूजेचं तांब्याचं ताम्हन आणलं आणि डबीखाली सरकवलं. डबी गप्प. ताम्हन काढलं, टुण!

आत्याने झाकण उघडलं. आत तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं होतं. "ही अँटेना. हिच्यातली वीज सेकंदाला कोटीहून जास्त वेळा दिशा बदलते. त्यामुळे भोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र (चुंबकाचा प्रभाव पोहोचतो तेवढी जागा) तयार होतं. कार्डातही असंच वेटोळं आहे. ते या क्षेत्रात आलं, की त्यात वीज निर्माण होते."

"म्हणजे कार्डात सेल नाहीच?" केतकीने विचारलं.

"नाही. डबीच त्याला जागं करते, मग ते आपला क्रमांक सांगतं. पण जवळ धातू असला, तर त्यातही वीज गोल गोल फिरू लागते. तिला भोवरा-प्रवाह म्हणतात. तो उलटं क्षेत्र तयार करतो. मूळ क्षेत्र दुबळं होतं, अँटेनाची जुळणीही (ट्यूनिंग) बिघडते. मी ती केली लाकडी टेबलावर. दार कसलं, ते बघितलंच नाही."

"आत्या नापास!"

"फेरपरीक्षा देते, बाई."

केतकीने डबी आणि दार यांच्यामध्ये पाट धरला. डबी वाजली, पण दार मिटेना. मग आत्याने पिशवीतून काळा, पातळ तुकडा काढला. "हे फेराइट (चुंबकीय क्षेत्राला सोपी वाट देणारा, पण वीज जवळजवळ वाहू न देणारा पदार्थ). क्षेत्र याच्यातूनच वळून परत येतं, लोखंडापर्यंत फारसं जातच नाही." तिने तो अँटेनामागे चिकटवला, डबी दारावर बसवली आणि या वेळी जुळणी तिथेच केली.

"निमिष चढला," पाखरू म्हणालं.

"स्वेटरची बाही मध्ये आली तर?" आईने विचारलं. तरीही डबी वाजली. "पट्टी उलटी फिरली तर?" तरीही.

मग आईने निमिषला मागच्या बाकावर आडवं केलं, स्वतः खाली उतरली आणि पाठ फिरवून चालू लागली. तिचा फोन वाजला. पाखरूच बोलत होतं.

"निमिष अजून आत आहे. तो उतरेपर्यंत मी हलणार नाही."

इकडे केतकीचं डोकं पुढेच धावत होतं. "आत्या, असंच बिनसेलचं कार्ड रोपाच्या मुळाशी पुरलं, तर तहान लागल्याचं सांगेल?"

"सांगेल असं करता येईल. तूच कर."

आई दाराशी परत आली होती. "पाखरू," ती जरा दरडावूनच म्हणाली, "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा दोघांना घ्यायला ये."