आधी घंटा, मग इंजिन

धक्क्यावरच्या टपरीपाशी अंबिलीला लिंबूसोडा हवा होता. एवढंच. पण शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

"मला... ते... हे..."

मागे पाच-सहा जण ताटकळले. तिच्या कानांमागून घाम ओघळला.

"काळा चहा," शेजारचा तरुण टपरीवाल्याला म्हणाला. "यांना एक, मला एक. साखर बेताची. बरोबर ना?"

बरोबर नव्हतं. पण तो इतकं मोकळं हसला, की तिने तो चहा जीभ भाजत पिऊन टाकला. मग ती आपल्या बोटीवर चढून सुकाणूपाशी गेली, तर तोच तरुण मागोमाग आला आणि बोटीच्या पोटातल्या इंजिनाच्या खड्ड्यात उतरला. नवा इंजिनवाला, वैकमहून बदलून आलेला, नाव शिनोज. अंबिलीने झटकन सुकाणूकडे तोंड फिरवलं.

केरळातल्या कुट्टनाडच्या कालव्यांत प्रवासी बोट चालते ती दोघांच्या भरवशावर. सारंग वर सुकाणू धरतो. इंजिनवाला खाली बसतो. त्याला पाणी दिसत नाही, धक्का दिसत नाही. दोघांमध्ये एक दोरी आणि एक पितळी घंटा. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे मागे, तीन म्हणजे पुढे. आधी घंटा, मग इंजिन. बोलायची गरजच नाही.

म्हणून तर अंबिली परत आली होती. आठ महिन्यांपूर्वी, एकतिसाव्या वर्षी, तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात चार महिन्यांत ताळ्यावर आला, पण शब्द काही आले नाहीत. आले तर भलतेच आले. समजायचं सगळं, पण अम्माला हाक मारायला जावं तर तोंडातून "छत्री" निघायचं. 'हो'च्या जागी 'नाही' आणि 'नाही'च्या जागी 'हो' तर रोजचंच. डॉक्टरांनी हात तपासले, डोळे तपासले आणि कामाची परवानगी दिली. बोटींच्या कचेरीने मात्र परीक्षेचे तीनच दिवस दिले. तिसऱ्या दिवशी तपासणीला कचेरीतले कुरियनसाहेब बोटीवर येणार. त्यांना पटलं तर सुकाणू, नाही तर जन्मभर कचेरीतली फायलींची खोली.

जिभेने केला तो दगा उद्या हातानेही केला तर? बोटीत साठ माणसं असतात.

शिनोजला मात्र कसलीच चिंता नसावी. दुपारी बोट लागली की तो खड्ड्यातून डोकं वर काढायचा, कानाला काळं तेल लागलेलं, आणि गप्पांना बसायचा.

"माझ्या खड्ड्यातून वर बघितलं की फक्त तुझ्या टाचा दिसतात," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "अख्ख्या दिवसात जगातलं तेवढंच दिसतं. पण माझी काही तक्रार नाही हं."

तिने पाय साडीत ओढून घेतले. आणि मग, का कोण जाणे, पुन्हा थोडे बाहेर काढले.

एकच पंचाईत होती. तिने अर्धा शब्द काढला की तो उरलेले चार पुरवायचा. "मला भी..." ती म्हणाली, तर लगेच, "भीती वाटते? साहेबांची? अगं, मी आहे ना खाली." चांगला होता बिचारा. वाक्य त्याच्या हवाली केलं की सुटल्यासारखं वाटायचं, आणि लगेच काहीतरी चोरीला गेल्यासारखंही. पण हे सांगणार कसं? सांगायला गेली असती तर तेही त्यानेच पुरं केलं असतं.

तिसरा दिवस उजाडला. कुरियनसाहेब वही घेऊन तिच्या मागच्या बाकावर बसले. देवळाचा धक्का जवळ आला, तिने एक ठोका दिला. इंजिन मंदावलं. आता दोन द्यायचे, बोट मागे खेचून धरायची... तेवढ्यात मागच्या बाजूला, अगदी बोटीच्या पाण्यातल्या पंख्याजवळ, गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आपली होडी वल्हवत आली. अंबिलीने दोरी तशीच धरून ठेवली. धक्का थोडा घासला तरी चालेल. म्हातारी आधी जाऊ दे.

आणि दोरी हललीही नव्हती, तोच बोट मागे जाऊ लागली!

तिने सगळा जीव लावून एक ठोका दिला. इंजिन थांबलं. होडी कलंडता कलंडता सावरली, गवत कालव्यात गेलं, आणि म्हातारीने बोटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती जिवंत होती म्हणूनच शिव्या देत होती, एवढंच अंबिलीला समजलं.

"दोन ठोके दिलेस तू?" साहेबांनी विचारलं.

नाही, नाही, नाही. तोंडातून आलं, "हो."

तिने जिवाच्या आकांताने मान हलवली. पण साहेबांची मान वहीत होती.

"नाही दिले, साहेब." शिनोज खड्ड्यातून वर आला होता. चेहरा पांढराफटक. "घंटा झालीच नव्हती. मीच मागे घेतली. वेळ झाली होती, मला वाटलं ही... विसरली असेल. हिची परीक्षा आज, म्हणून मी..."

साहेबांनी चष्मा काढला. शिनोजच्या नावावर ठपका लिहिला आणि परतीच्या फेरीत पुन्हा बघतो म्हणाले. शेवटच्या धक्क्यावर चहाला जाताना एवढंच बोलले की घंटेवर विश्वास नसेल तर दोघांनीही घरी बसावं.

बोट रिकामी झाली. शिनोज तिच्यासमोर उभा राहिला. "रागावलीस ना? मला माहीत आहे तू काय म्हणणार—"

अंबिलीने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. मग तिने वाक्य सुरू केलं. फार वेळ लागला. पाण्यातून दोन बदकं इकडून तिकडे गेली आणि परत आली.

"मला... वाचवू... नको. ऐक. तू... आधी... बोलतोस. मग मी... मी... उरत नाही."

मधे त्याचे ओठ तिच्या हाताखाली दोनदा हलले. पण शब्द त्याने गिळला. तिने हात काढला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आता तू म्हणशील तेच," तो म्हणाला. "तेवढंच. शप्पथ."

परतीला तोच धक्का आला. एक ठोका. इंजिन मंदावलं. या खेपेला मागे होडी नव्हती, पण समोरून पाण्याची ओढ होती, आणि अंबिलीला अजून दोन हात पुढे जायचं होतं. दगडी पायऱ्या जवळ आल्या. आणखी जवळ आल्या. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. साहेबांनी गज धरला. खालचा माणूस आंधळा बसला होता आणि साठ जीव तिच्या एका दोरीवर होते. आत्ता. दोन ठोके. इंजिन लागलीच गुरगुरलं आणि बोट पायरीला जेमतेम टेकली.

साहेबांनी सही केली.

लोक उतरून गेल्यावर शिनोज वर आला. कान पुसलेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सापडत नव्हता.

"अंबिली, मला... म्हणजे तुझ्याशी... आपण..."

तिला शब्द ठाऊक होता. तो तिच्या ओठांवरही आला होता, चक्क बरोबर आला होता. तिने दिला नाही. ती खांबाला टेकून गंमत बघत राहिली.

"...लग्न करशील माझ्याशी?"

सरळ तर शब्द होता. तिने डोळे मिटून तो उच्चारला.

"नाही."

शिनोजने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. "बरं," तो हळूच म्हणाला, आणि वळला. शब्दाचा पक्का! अंबिलीच्या तोंडचं पाणी पळालं. हा मूर्ख माणूस खरोखरच जाणार होता, कारण तिनेच त्याला तसं शिकवलं होतं. तो फळीवर पाय ठेवणार, तोच तिने त्याच्या सदऱ्याला मागून गच्च धरलं.

"थां... थांब. चु... चुक..."

तो थांबला. वळला. काहीतरी ओळखल्यासारखे त्याचे डोळे चमकले, पण तो गप्प राहिला. एकही शब्द पुरवला नाही. वाट बघत राहिला.

"हो," अंबिली म्हणाली. आणि तो शब्द नक्की तोच आहे ना, हे तपासायला तिने तो आणखी तीनदा म्हणून पाहिला.