मिशी किती रुंद होती?

"मिशी नेमकी किती रुंद होती?"

हेन्रिकेने मान वर केली. शहराच्या दफ्तरखान्यात लोक जुने नकाशे मागायला येतात, आजोबांच्या जन्माचे दाखले मागायला येतात. हा गृहस्थ पावसात भिजून आला होता, बाह्यांवर खळ वाळलेली, केसांत वर्तमानपत्राचा एक कपटा.

"कुणाची?" तिने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. जर्मनीत कुणी मिशीचं माप मागितलं, तर मिशी एकाच माणसाची असते.

"त्याचीच. दोन मीटरच्या डोक्यावर चढवायचीय. प्रमाण चुकलं तर लोक नावं ठेवतात."

म्हणजे हा कार्निव्हलचे चित्ररथ बनवणारा. सोमवारच्या मिरवणुकीत पुढाऱ्यांचे कागदी राक्षस निघतात, ते याच्यासारख्यांच्या हातचे.

"डोकं निवडणुकीतल्या ब्रोकमानचं ना?"

"ते सोमवारी सकाळपर्यंत गुपित असतं," तो दचकून म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"या महिन्यात मिशी विचारायला आलेले तुम्ही चौथे. एक पत्रकार, एक मास्तर, एक नाटकवाला. सगळ्यांना ती ब्रोकमानलाच लावायची होती."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्याच्या जरा आधी मिटायचा. हे आपल्या लक्षात का यावं, म्हणून हेन्रिकेला स्वतःचाच राग आला.

"युप एसर," त्याने हात पुढे केला, खळ पाहून मागे घेतला. "यंदा पहिल्यांदाच अख्खा रथ माझ्याकडे दिलाय. चुकून चालणार नाही."

"मग मिशी लावू नका."

"का? भाषणं ऐकलीत त्याची?"

"सगळी. मला तो अजिबात आवडत नाही. पण..." ती थांबली. अनोळखी माणसाला हे सांगावं का? मग सांगूनच टाकलं. "माझ्या वडिलांना आवडतो. नाताळच्या जेवणात मी म्हणाले, बाबा, तुमचा ब्रोकमान म्हणजे मिशी काढलेला तोच. बाबांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, मग मी कोण? कोट घातला आणि निघून गेले. सात आठवडे झाले, बोलणं नाही."

युपने केसांतला कपटा काढला आणि उगाच चुरगाळत राहिला.

"मिशी लावली की आपली माणसं हसतात आणि त्यांची माणसं कान बंद करतात," ती म्हणाली. "ब्रोकमान आरशात बघतो, म्हणतो, मला कुठाय मिशी? झाला मोकळा."

"मग तुलना करायचीच नाही?"

"करायची की. पण चेहऱ्याची कशाला?"

तिने १९३३ सालच्या फेब्रुवारीतल्या गावच्या वर्तमानपत्राची जाडजूड फाइल त्याच्यासमोर आणून ठेवली. बुटांच्या जाहिरातीच्या डोक्यावर एका वाचकाचं पत्र होतं. 'बोलायला जरा कडक आहे, पण भोवती आपली शहाणी माणसं आहेत. ती त्याला आवरतील.'

युपने ते दोनदा वाचलं. "परवा टीव्हीवर एक गृहस्थ ब्रोकमानबद्दल हेच म्हणाले. जवळजवळ याच शब्दांत."

"त्यांना मिशी होती?"

"नव्हती. टाय छान होता."

"ब्रोकमान तसाच निघेल, असं मी म्हणत नाही हं. मला माहीत नाही. या पत्रवाल्यालाही माहीत नव्हतं... भीती वाटते ती त्याचीच."

त्यानंतर युप रोज येऊ लागला. मिशीचं माप काही त्याने पुन्हा विचारलं नाही.

गुरुवार उजाडला. कार्निव्हलच्या या गुरुवारी शहर बायकांचं असतं. दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायचा आणि भरपाई म्हणून गालावर एक पापी द्यायची. हेन्रिके पर्समध्ये कात्री घालून रथांच्या शेडपाशी गेली. आत जायला मनाई होती. युप दाराबाहेर आला. अंगात खळीने माखलेला डगला आणि गळ्यात बदकांचा हिरवा टाय.

"कामावर टाय?"

"आज गुरुवार आहे. सकाळपासून तिघींपासून वाचवलाय. एकदा तर शिडीवर चढून बसलो."

"इतकं कशासाठी?"

"कात्री आणलीय ना?" त्याने हनुवटी वर केली.

तिने टाय कापला. नियम गालाचा होता. गाल जरा... हुकला. दोघांनीही तक्रार केली नाही.

"रथाचं काय ठरलं?" जरा वेळाने तिने विचारलं.

"सोमवारी बघ."

"मलाही नाही सांगणार?"

"तुला तर मुळीच नाही."

'तू' केव्हा झालं, हे काही कुणी कुणाला विचारलं नाही.

सोमवारी बारीक पाऊस होता. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बाबा उभे होते, दरवर्षीसारखे. तिथेच ती लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसायची. हेन्रिके शेजारी जाऊन उभी राहिली. बाबांनी बघितलं नाही, पण थर्मासमधली कॉफी ओतून कप तिच्याकडे सरकवला.

रथ आला. ब्रोकमान हत्तीएवढा, सुटाबुटात, हसरा. मिशी नाही. गळ्यात दोर, आणि दोराचं टोक दोन रांगांमधल्या सभ्य कागदी गृहस्थांच्या हातात. एका रांगेत जुन्या काळच्या हॅटा, दुसरीत आजचे कोट. चेहरे सगळे सारखेच समाधानी. दोन्ही रांगांवर मिळून एकच पाटी: 'आम्ही त्याला आवरू.' आणि तो दोर म्हणजे लोकरीचा एक धागा होता.

लोक हसले. मग हसणं हळूहळू विरलं. बाबांनी तोंड फिरवलं नाही. रथ पुढे सरकेपर्यंत ते बघत होते.

"दोरी फार बारीक आहे," ते म्हणाले.

हेन्रिके काही बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते जमलं.

"मत कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

"हो बाबा."

"पण दोरी बारीक आहे." त्यांनी नाक शिंकरलं. "आणि तो चाकाशेजारचा अर्ध्या टायवाला तुझ्याकडे का बघतोय?"

तिने खिशातून उरलेला अर्धा टाय काढून दाखवला. बाबांनी बदकं निरखली.

"रविवारी जेवायला आण त्याला. ब्रोकमानचं काही बोलायचं असेल तर पोट भरल्यावर. आणि आधी नीट टाय घेऊन दे."

ती गर्दी अडवणाऱ्या दोरखंडाखालून वाकून रस्त्यावर आली आणि युपच्या बरोबरीने चालू लागली.

"रविवारी जेवायला यायचंय. बाबांकडे."

"रथ कसा वाटला त्यांना?"

"दोरी बारीक आहे म्हणाले."

युप थांबला. त्याचा डावा डोळा मिटला, मग उजवा. "आणि माझ्याबद्दल... काही विचारलं?"

"फार नाही. पण रविवारी मीच सांगणार आहे."

"काय?"

"की मला तू आवडतोस," हेन्रिके म्हणाली. "आता चाल, चाक पायावरून जाईल."