सदाच्या डोळ्यातला दोरा

उरणच्या बाजारात डॉक्टर रामचंद्र दिघ्यांचा दवाखाना होता. १९३४ सालच्या उन्हाळ्यात तिथे मिठागरावरच्या माणसांची रीघ लागली. दिवसभर पांढऱ्याशुभ्र मिठावर ऊन तळपायचं आणि ही माणसं त्यावर नजर लावून फावडं ओढायची. डोळे बिघडले नाहीत तरच नवल. डॉक्टर थेंब घालायचे, थोडं रागवायचे आणि छत्री वापरा म्हणायचे. दोन्ही हातांनी फावडं ओढणाऱ्याने छत्री कशी धरायची, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशाच एका सकाळी भागुबाई आपल्या सदाला घेऊन आली. सदा पंचविशीतला, अंगापिंडाने भरलेला गडी. बाप गेल्यापासून घर त्याच्याच जिवावर उभं होतं.

"डाव्या डोल्यान दोरा दिसतंय, डाक्तर," सदा म्हणाला. "मिठाव बगला का हलतंय."

डॉक्टर हसले. "अरे, डोळ्याच्या आत ताडगोळ्यासारखा गर असतो. त्यात कधी कधी तंतू धरतात, त्यांची सावली पडते. मलाही दिसते. काही होत नाही."

तरी त्यांनी खिडकी लावली, दिवा सदाच्या कानामागे धरला आणि मधे भोक असलेला आरसा आपल्या डोळ्याला लावून आत पाहिलं. दोरा खरंच होता. बुबुळामागच्या भिंगापासून निघून गरातून थेट डोळ्याच्या तळापर्यंत गेलेला. हेही त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. पोटातल्या बाळाच्या डोळ्यात तिथे एक रक्तवाहिनी असते, भिंगाला पोसते आणि जन्माच्या आत सुकून जाते. एखाद्याच्या डोळ्यात तिचा अवशेष उरतो.

"जन्मापासूनचा आहे. आज लक्ष गेलं एवढंच," डॉक्टर म्हणाले. मायलेक निश्चिंत मनाने घरी गेले.

आठवड्याने दोघं परत आले. आता दोरा दोन्ही डोळ्यांत होता आणि सदाला समोरचं धुक्यातून पाहावं तसं दिसत होतं. डॉक्टरांनी आत पाहिलं. दोरा लाल झाला होता. त्यातून रक्त वाहत होतं.

त्यांनी आरसा पुसला, दिवा बदलला, पुन्हा पाहिलं. दोरा ठोके घेत होता. त्यांनी सदाच्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी शांत होती. मनगटावर एक ठोका पडे, तेवढ्यात आत दोन पडत. त्या नाडीचा या माणसाच्या काळजाशी संबंध नव्हता. डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदाच एका रोग्याची भीती वाटली.

"डोळ्यात काय घातलंत?" त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"काय न्हाय वो," भागुबाई म्हणाली. "डोलं जलायचं, म्हनून दूध घातला. आमच्या ठमीचा. ती बालंतपनाला आलीय ना माहेरा."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. डोळे जळले की बाळंतिणीच्या दुधाचे थेंब घालायचे, हा तर मिठागरावरचा घरोघरचा उपाय. त्याने कुणाचं वाईट झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"बरं. बाळ कसं आहे तिचं?"

भागुबाईने पदर तोंडाला लावला. "बाल कुठला? सव्या मयन्यानच झाला. गेलेलाच व्हता. डोलंबी उघारलं नव्हतं, पापन्या जुललेल्या." मग ती हळूच म्हणाली, "दूध आला ना पन पोरीला. फुकट कशाला घालवाचा?"

डॉक्टरांना पुन्हा पुस्तक आठवलं. सहाव्या महिन्याच्या गर्भाच्या पापण्या जुळलेल्याच असतात, तो वाहता दोराही असतो, आणि काळजाचे ठोके मोठ्या माणसाच्या दुप्पट. पण यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. ते स्वतःवरच चिडले.

"ते दूध आजपासून बंद. उद्या मोरा बंदरातून लाँच पकडून याला मुंबईला नेऊ."

दुसऱ्या दिवशी बंदरावर कुणी आलं नाही. लाँच सुटली तेव्हा डॉक्टर धक्क्यावरच उभे होते. मग ते तडक मिठागराच्या बांधाने चालत निघाले. दोन्ही बाजूंना मीठ लखलखत होतं.

झोपडीच्या दारात ठमी बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"उठवला तर उठंना," भागुबाई म्हणाली. "जेवाय नको, पानी नको."

सदा कुशीवर पडला होता. गुडघे छातीशी, मुठी हनुवटीखाली.

डॉक्टरांनी त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि पापणी उचलायला अंगठा लावला. अंगठा सरकला. पापणीला कडच नव्हती. भुवईपासून गालापर्यंत एकसंध कातडी होती. एक केसही नव्हता. आतून डोळा हलत होता.

"सदा," त्यांनी हाक मारली.

सदाने ओठ हलवले. आवाज आला नाही.

"उघारतील ना वो?" भागुबाईने विचारलं. "आज ना उद्या उघारतील ना? एकलाच पोरगा हाय मना."

डॉक्टरांना रडू आलं. तिच्याकडे बघायला नको म्हणून त्यांनी नाडी पाहण्यासाठी सदाचा हात हातात घेतला आणि मूठ सोडवली.

एवढी वर्षं फावडं ओढलेल्या त्या तळहातावर एकही घट्टा नव्हता. रेषाही नव्हत्या.