एक दिवा पुढे

०.० — मुख्य दार. इथून सुरुवात.

तळघरातल्या करड्या पेटीच्या दाराला, आतल्या बाजूने, गुड्रुनने हा कागद चिकटवला होता. घरातल्या प्रत्येक बटणाला एक आकडा आणि आकड्यापुढे तिची टीप. अक्षर बारीक आणि सरळ, दुरुस्त्या लाल पेन्सिलीने. एवाल्ड रूमेलिनला कागद पाठ होता. तरी फेब्रुवारीत ती गेल्यापासून रोज न्याहारी झाली की तो तळघरात उतरायचा, घडीच्या कापडी स्टुलावर बसायचा, पेटी उघडायचा आणि वाचायचा. दुसरा स्टूल तिचा. तो शेजारी तसाच मांडलेला असे.

बाटल्या भरणाऱ्या यंत्राचा कंट्रोलर त्या पेटीत होता. एवाल्ड इलेक्ट्रिशियन, त्याची बायको गुड्रुन प्रोग्रॅम लिहिणारी. जर्मनीच्या दक्षिणेला, श्वाबियातल्या एकाच कारखान्यात दोघांची हयात गेली. एकोणनव्वद साली तिथली एक जुनी लाइन भंगारात निघाली आणि गुड्रुनने बिअरच्या एका क्रेटच्या बदल्यात त्या लाइनचा मेंदू, म्हणजे हा कंट्रोलर, घरी आणला.

"दिवा लावायला कारखान्याचं डोकं?" एवाल्ड हसला होता. "बटण दाबलं की दिवा लागतो, बाई. शंभर वर्षं चाललंय."

"तुझं चाललंय. मला दिवा लागेपर्यंत बटण कसं सापडणार, ते सांग."

तिची नजर कडेकडेने आक्रसत चालली होती. अंधारात तर काहीच दिसायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले त्याच संध्याकाळी तिने पहिला नियम लिहिला: मी जिथे असेन, त्याच्या पुढचा दिवा आधीच लागलेला हवा. उशाचं बटण दाबलं की खोलीबरोबर बोळही उजळायचा. बोळातलं दाबलं की स्वयंपाकघर. कायम एक दिवा पुढे. पुढची चौतीस वर्षं ती या घरात एकदाही अंधारात उभी राहिली नाही.

गेली ती रुग्णालयात, भर दुपारी, खिडकीतून ऊन पलंगावर आलेलं असताना.

"दिवा लाव ना रे," ती म्हणाली होती.

"लावलाय," तो म्हणाला होता.


४.१ — स्वयंपाकघर. (एवाल्डने बटण दोन सेंटीमीटर खाली लावलंय. असू दे.)

ऑक्टोबरात शेजारच्या फ्राऊ शोइफेले कुंपणावरून म्हणाल्या, "हेर रूमेलिन, हल्ली फार लवकर उठता! पावणेसहाला स्वयंपाकघरात दिवा. खिडकीच्या शटरच्या फटीतून दिसतो हो."

"म्हातारपण," तो म्हणाला.

तो सातला उठत असे, फेब्रुवारीपासून बैठकीच्या सोफ्यावरून.

आनेग्रेटला, म्हणजे मुलीला, त्याने फोनवर सांगितलं. ती श्टुटगार्टहून हसली. "बाबा, तो सुट्टीचा प्रोग्रॅम असणार. आपण इटलीला जायचो तेव्हा आई लावून ठेवायची, आठवतं? चोराला वाटावं घरात माणसं आहेत. तिने रोज दाबलेल्या बटणांची जुनी नोंद आहे, तीच पुन्हा चालतेय."

पटण्यासारखं होतं. मन थोडं हललं, कारण नोंद होती म्हणजे तिचीच होती. कुठल्यातरी उन्हाळ्यातली तिची पावलं त्या पेटीत होती आणि पेटी ती चालवून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटे साडेपाचला तळघरात जाऊन बसला.

कंट्रोलरवर बारीक हिरव्या दिव्यांच्या दोन ओळी होत्या. खालची ओळ प्रोग्रॅमची: कंट्रोलरने घरात जो दिवा लावला, त्याचा ठिपका तिथे उजळे. वरची ओळ बटणांची. घरात कुठेही बटण दाबलं की तारेतून वीज थेट इथे येई आणि वरचा ठिपका लागे. त्याला प्रोग्रॅम लागत नाही. बोट लागतं.

सुट्टीचा प्रोग्रॅम खालची ओळ हलवतो. वरची हलवूच शकत नाही.

पाच पंचेचाळीसला वरच्या ओळीतला २.० लागला. उशाचं बटण. लागला, विझला, लागला, विझला. गुड्रुनचं एकदा दाबून कधी भागायचंच नाही. टक, टक. दिवा लागलाय का याची खात्री ती बोटानेच करायची.

मग बोळ. टक, टक.

मग स्वयंपाकघर.

एवाल्ड वर गेला. स्वयंपाकघर उजळलेलं होतं. कोणी नव्हतं. खुर्ची होती तिथेच होती.

आठवडाभर त्याने तारा तपासल्या. इन्सुलेशन मोजलं, ओल शोधली, तिन्ही बटणं बदलली. जुनी बटणं टेबलावर उघडून भिंगाखाली धरली. एकातही दोष नव्हता. चाळीस वर्षांच्या धंद्यात दोष न सापडल्याचा त्याला पहिल्यांदाच आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला भीती वाटली.

मग त्याने तपासणं सोडून दिलं. रात्री झोपताना तो तिचा कप ओट्यावर काढून ठेवू लागला. मुलीला यातलं काही सांगितलं नाही.


सेल — वीज चालू असतानाच बदलायचा!!! (हे तुझ्यासाठी, एवाल्ड.)

नोव्हेंबरात कंट्रोलरवर पिवळा दिवा लागला. आतला सेल संपत आला होता.

एवढा जुना कंट्रोलर. प्रोग्रॅम त्याच्या आठवणीत असतो आणि वीज नसेल तेव्हा ती आठवण त्या एका सेलवर तगते. वीजही नाही, सेलही नाही, की सगळं पुसलं. दुसरी प्रत फ्लॉपीवर होती. फ्लॉपी वाचणारं यंत्र आता कुणाकडेच उरलं नव्हतं. दर चार वर्षांनी सेल गुड्रुन बदलायची. एवाल्ड फक्त मागे उभा राहून तिला चिडवायचा.

"बाबा, टाकून दे ना ते," आनेग्रेट म्हणाली. "नवीन छोटं मिळतं, तळहाताएवढं. एका दिवसात बसवून देतील. फोनवरून दिवे लागतील."

"मला फोनवरून दिवे नकोत."

"मग काय हवंय?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बरं," ती मऊ आवाजात म्हणाली. "रविवारी दहाला येते. आईकडे जाऊ. तोवर त्या पेटीला हात लावू नकोस, टॉर्च धरायला मी असेन."

तो मृतांचा रविवार होता. त्या दिवशी अख्खं गाव थडग्यांवर घालायला फर झाडाच्या फांद्या घेऊन दफनभूमीत जातं. एवाल्डला वाटलं, त्याच्या आत हे काम उरकावं. थडग्यापाशी उभं राहून तिला सांगता आलं पाहिजे, केलं बघ, नीट केलं.

साडेसातला तो खाली उतरला. रविवारी खिडक्यांची शटर प्रोग्रॅमने आठला उघडायची, घर अजून बंदच होतं. नवा सेल शर्टाच्या खिशात, कपाळाला टॉर्च बांधलेली. लाल पेन्सिलीची ओळ त्याने मोठ्याने वाचली, दोनदा. चष्मा पुसला. बाह्या वर केल्या.

आणि पेटीत हात घालण्याआधी त्याच्या हाताने जन्मभर जे केलं तेच केलं.

आधी वीज तोडायची. इलेक्ट्रिशियनचा पहिला नियम. एकतीस वर्षं त्याने दर सप्टेंबरला नव्या शिकाऊ पोरांकडून तो तालात म्हणवून घेतला होता. चालू विजेवर पेटीत हात घालणाऱ्याला त्याने हाकलून दिलं होतं. हात मुख्य स्विचकडे गेला, स्विच खाली आला, मग जुना सेल बाहेर आला, सगळं एका दमात, सुरेख.

कपाळावर टॉर्च होती, म्हणून अंधार झाल्याचं कळलंच नाही. कळलं ते शांततेमुळे. कंट्रोलरचा पंखा थांबला होता.

तळहातावर जुना सेल होता. अजून कोमट.

"नाही," एवाल्ड म्हणाला. "नाही, नाही, नाही."

त्याने नवा सेल बसवला. स्विच वर केला. पंखा फिरू लागला. एक लाल दिवा लागला आणि तसाच राहिला. खालच्या ओळीत काही नाही. आठ वाजले, शटर उघडली नाहीत. उघडा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

तो स्टुलावर बसला. फेब्रुवारीत तो रडला नव्हता. आता रडला, तोंडावर हात दाबून, शेजारी ऐकतील म्हणून.


२.० — उशाचं बटण.

वरच्या ओळीत ठिपका लागला.

टक, टक.

खाली काही नाही.

तो ताठ झाला. पावणेसहाची वेळ कधीच टळून गेली होती. आज उशीर झाला होता तिला. किंवा त्याच्या रडण्याने जाग आली होती.

टक, टक. टक, टक.

"गुड्रुन," तो हलकेच म्हणाला, "तारा ठीक आहेत. माझंच चुकलं."


२.३ — बोळ.

बऱ्याच वेळाने. झोपायची खोली ते बोळाचं बटण, सहा पावलं. चार मिनिटं लागली. भिंत चाचपत येणाऱ्याला लागतात तेवढी.

टक, टक. टक, टक. टक.


४.१ — स्वयंपाकघर.

इथे ती थांबली नाही. नऊ वेळा. दहा. अकरा.

मग बंद.


७.० — तळघराचा जिना. (इथे मी एकटी येणार नाही. पण तरी.)

लागला.

विझला नाही. बटणावर बोट ठेवून कोणीतरी उभं होतं.

एवाल्डने कपाळावरची टॉर्च सोडून हातात घेतली. जिन्यावर झोत टाकला. चौदा पायऱ्या, वर अर्धवट उघडं दार, बाकी काही नाही.

त्याने झोत सगळ्यात वरच्या पायरीवर आणला आणि तिथे धरला.

थोड्या वेळाने दुसऱ्या पायरीवर.

मग तिसऱ्या.

झोत हलू नये म्हणून त्याने कोपर गुडघ्यावर टेकवलं. कायम एक पायरी पुढे. दहावी पायरी वजन पडल्याशिवाय वाजत नसे. त्याने झोत अकरावीवर नेला आणि वाट पाहिली.

दहावी वाजली.


०.० — मुख्य दार.

दहाला आनेग्रेट आली. "बाबा? अरे, शटर का बंद? दिवे लागत नाहीत!" फरच्या फांद्या दारात टाकून, मोबाइलच्या उजेडात ती जिन्यापर्यंत आली. "पेटीला हात लावलास ना? सांगितलं होतं ना मी?"

"लावला."

"गेलं सगळं?"

"प्रोग्रॅम गेला."

ती धावत खाली उतरली आणि त्याच्यासमोर बसली. त्याचा चेहरा ओला होता. टॉर्च त्याने दोन्ही हातांनी धरली होती, झोत जमिनीवर, आणि तो पिवळा पडत चालला होता.

"चल वर. शटर मी हाताने उघडते. हे विझव आता."

"आधी दुसरी टॉर्च आण. गॅरेजात मोठी आहे."

"बाबा—"

"ही विझायच्या आधी, आनू. पळ."

लहानपणीचं नाव ऐकून ती उठली. वळून जिना चढू लागली.

एवाल्डने झोत जरासा डावीकडे सरकवला, शेजारच्या, तिच्या स्टुलाच्या पायांपर्यंत. स्टुलाचं कापड मधोमध खाली आलं होतं, ताणलेलं.